काळ्या दोऱ्याचं कापड

"निवड झाली तर सोमवारी दहाला हजर व्हायचं. फॉर्मलमध्ये. जीन्स, टी-शर्ट, चप्पल असलं काही दिसलं तर गेटवरनंच परत पाठवतो. मागच्या महिन्यात एकाला पाठवलाय." मुलाखतीच्या शेवटी साहेब हे बोलत होते, तेव्हा माझ्या अंगावर वर्गमित्राचा शर्ट होता, वर्गमित्राचीच पँट होती, आणि तो वर्गमित्र खाली चहाच्या गाड्यावर माझे कपडे घालून माझी वाट बघत बसला होता. त्याची मुलाखत साडेबाराला होती. मी धावत खाली आलो, शेजारच्या सुलभ शौचालयात आम्ही कपडे बदलले, आणि तोच शर्ट, तीच पँट घालून तो वर गेला. साहेबांच्या लक्षात आलं की नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. माझी निवड झाली होती, त्याची नाही. त्याच कपड्यांत मी पास आणि तो नापास. त्यानंतर त्याच्याकडे पुन्हा कपडे मागायला माझी जीभ उचलली नाही. उचलली असती तरी त्याने दिले नसते, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही दिले नसते.

फोनवरच्या मॅडम म्हणाल्या, "सोमवारी आला नाहीत तर आम्ही पुढच्याला बोलावतो. यादीत तुमच्यामागे दोघं आहेत." मग मोबाईलवर एक कागद आला. फिकट रंगाचे साधे शर्ट, गडद रंगाची पँट, काळे बूट, काळा पट्टा. खाली ठळक अक्षरांत 'अपवाद नाही' असं लिहिलं होतं. मी ते 'अपवाद नाही' इतक्या वेळा वाचलं की मला त्या कागदाचाच राग यायला लागला.

बी.कॉम. होऊन मला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत मी सरकारी परीक्षा दिल्या, पेट्रोल पंपावर उभा राहिलो, मोबाईलच्या दुकानात काचा चिकटवल्या. सोलापुरातल्या या कंपनीत कागदपत्रं तपासायचं काम होतं, टेबल होतं, खुर्ची होती, डोक्यावर पंखा होता. आमच्या गावापासून एसटीने सव्वा तास. आमचं गाव मंगळवेढ्याकडचं, कोरडं. वडिलांना मी आण्णा म्हणायचो. ते मेंढरं राखायचे. मी चौदा वर्षांचा असताना पोटाच्या दुखण्याने ते गेले. मेंढरं विकली गेली, पाच शेळ्या राहिल्या, आणि आई लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. ही नोकरी गेटवरच हातची गेली असती, तर मी पुन्हा पेट्रोल पंपावर गेलो असतो आणि आई आणखी वाकली असती. यापेक्षा वेगळं काही होण्यासारखं नव्हतं, आणि ते मला स्वच्छ दिसत होतं.

माझ्याकडे त्या वेळी दोन जीन्स होत्या, कॉलेजच्या संमेलनात मिळालेला एक टी-शर्ट होता आणि एक चौकटीचा शर्ट होता, ज्याची कॉलर आईने दोनदा उलटवली होती. बुटांची सोय त्या दिवशीच झाली. शेजारच्या काकांनी साखर कारखान्यावर पहारेकरी असतानाचे काळे बूट दिले. एक नंबर मोठे होते. पुढे कापूस कोंबला की चालण्यासारखे होते. प्रश्न कपड्यांचा होता, आणि हातात चार दिवस होते.

"पेटी भरून कापड पडलंय की घरात," आई म्हणाली. "आन इकत कशाला घ्यायचं?"

ती म्हणाली ते खरं होतं. आमच्याकडच्या कुठल्याही घरात, खायला असो नसो, आहेराच्या कापडाची एक पेटी असतेच. लग्नात, वास्तुशांतीला, जावळाला गड्यामाणसांना टॉवेल-टोपी देतात, आणि जरा मानाचा माणूस असला तर पँटपीस-शर्टपीसचा डबा. डब्यावर सूट घातलेल्या गोऱ्या माणसाचा फोटो असतो. डब्याच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावून तो हातात ठेवतात. घेणारा तो कपाळाला लावतो, घरी नेतो आणि पेटीत टाकतो. पुढच्या लग्नात तोच डबा दुसऱ्याच्या हातात. आम्ही दिलेला एक डबा सहा वर्षांनी आमच्याकडेच परत आला होता. ओळखला कसा, तर त्याच्या कोपऱ्याचा आमच्याच शेळीने चावा घेतला होता.

तेव्हापासून आई फार जपायची. ज्या घरातून डबा आला त्याच घरी तो परत गेला, तर पिढीजात भांडण लागतं. आईला लिहिता-वाचता येत नाही. म्हणून तिने दोऱ्यांची खूण केली होती. माहेरकडून आलेल्या डब्याला लाल दोरा, भावकीतल्याला हिरवा, आत्यांकडच्याला पिवळा. जुन्या लुगड्याच्या काठातून ती हे दोरे उसवून काढायची. कुठल्या गाठीचा अर्थ काय, हे फक्त तिलाच ठाऊक. एकदा मी गंमत म्हणून दोन दोरे अदलाबदल केले होते, तर तिने मला उलथन्याने मारलं होतं.

गुरुवारी दुपारी तिने पेटी उघडली आणि एकेक डबा माझ्यापुढे ठेवला. मी खरोखर खूश झालो. दोन शर्टपीस निवडले, एक आकाशी आणि एक पांढऱ्यातला. पँटसाठी एक चॉकलेटी आणि एक करडा. पेटीच्या तळाला आणखी एक पीस होता. त्याला डबा नव्हता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, वरून काळा दोरा दोनदा फिरवून बांधलेला. कागद एका बाजूला फाटला होता आणि आतून गडद निळं कापड दिसत होतं. मी हात घातला.

"ते न्हाय," आई म्हणाली.

"का?"

"न्हाय म्हनलं की न्हाय. चार दिल्यात न्हवं?"

मला चार पुरे होते. मी पेटी बंद केली.

शुक्रवारी सकाळी मी सोलापूरच्या नवी पेठेत गेलो. आधी एका रेडिमेडच्या दुकानात शिरलो, एका पँटवरची किमतीची चिठ्ठी उलटून बघितली आणि तसाच बाहेर आलो. पट्टा मात्र रस्त्यावरच घेतला. मग गल्लीत आत एका शिंप्याकडे गेलो. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. म्हातारा शिंपी तेलुगू घरातला, पण बोलणं सगळं सोलापुरी. त्याच्या घरात तीन पिढ्या हातमाग होते, हे त्याने पाच मिनिटांत सांगून टाकलं. मी चारही डबे त्याच्यापुढे मांडले आणि सोमवारी नोकरीवर हजर व्हायचंय म्हणून सांगितलं.

त्याने चॉकलेटी कापड उघडलं, उजेडाकडे धरलं, घडीवर दोन अंगठे ठेवले आणि हलकेच ओढलं. चर्र झालं. कापड घडीवर सरळ फाटलं, इतकं सरळ की कात्रीनेही तसं कापलं नसतं.

"अहो, काय केलंत हे!" मी ओरडलो.

"मी काय केलो बे? तेच फाटलं." त्याने करडा उघडला. तो फाटला नाही, पण त्याने तो माझ्या कमरेला लावला आणि पायाशी दाखवला. नडगीच्या खाली कापडच नव्हतं. "कंपनीवाले आधीच आखूड कापतेत. कोण मोजून बघतंय? हे देण्याघेण्याचं कापड हाय. फिरतं कापड. ह्याला कात्री लावायची नसती, फिरवत ऱ्हायचं असतं. तुमी पहिलेच बघ हे शिवायला आणलेले."

मी त्या स्टुलावर बसलो. मला हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. अख्खं गाव, अख्खी भावकी वर्षानुवर्षं एकमेकांना न शिवण्यासारखं कापड देत होती, कपाळाला लावून घेत होती, आणि आमच्या आईने त्याला रंगीत दोरे बांधून सांभाळलं होतं. त्या क्षणी मला सगळ्यांचाच राग आला. आहेर देणाऱ्यांचा, घेणाऱ्यांचा, डब्यावरच्या त्या गोऱ्या माणसाचा, आणि सर्वांत जास्त आईचा. तिची काही चूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण राग यायचा तर तो जवळच्याच माणसावर येतो.

म्हाताऱ्याला दया आली असावी. तो म्हणाला, "शर्ट हुतील. पांढरा जरा पारदर्शक हाय, आत बनियन घालायचं. दोनी शर्ट देतो. पँटचं चांगलं कापड उद्या दुपारपातूर आण. परवा आयतवार, पेठ बंद, पण मी घरात मशीन चालवतो. संध्याकाळपातूर देतो की. त्यापरीस जास्त माझ्याच्यानं होत न्हाय."

संध्याकाळी घरी आलो. आई शेळ्यांना पाणी दाखवत होती. मी उंबऱ्यातच उभा राहून म्हणालो, "पँटीचे दोन्ही पीस वाया गेले. तो काळ्या दोऱ्याचा दे."

तिने बादली खाली ठेवली. "ते सोडून काय बी माग."

"काय बी काय मागू? घरात दुसरं आहे काय?"

"न्हाय द्यायचं ते."

मग मी बोलत सुटलो. माझ्या डोक्यात एकच बसलं होतं. तळाला ठेवलेलं, सगळ्यांत चांगलं कापड म्हणजे ते कुणातरी बड्या पाहुण्यासाठी राखून ठेवलेलं असणार. मामांच्या मुलाचं लग्न उन्हाळ्यात ठरत होतं. मामा करकंबला राहतात, ऊस आहे, पाणी आहे, त्यांच्यापुढे आपलं हलकं दिसू नये म्हणून आईचा जीव नेहमी वरखाली व्हायचा. मी म्हणालो, "भाच्याला द्यायला ठेवलंयस ना? पोटच्या पोराला गेटवरनं हाकलू देत, पण भाचा सजला पाहिजे. सण करायला आपल्याकडे काही नसतं, आठ वर्षांत या घरात दिवाळीला पणती लागली नाही, आणि मिरवायला मात्र कापड आहे!"

तिने ओले हात पदराला पुसले. मला ते सहन झालं नाही. म्हणून मी आणखी एक वाक्य बोललो. "आण्णा असते तर त्यांनी स्वतः काढून दिलं असतं."

आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती ओरडेल, उलथनं घेऊन येईल. तिने बादली उचलली आणि ती शेळ्यांकडे गेली. त्या रात्री आम्ही दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवलो.

शनिवारी सकाळी ती शेळ्या घेऊन माळावर गेल्यावर मी पेटी उघडली. पेटीला कुलूप नव्हतं, कडीत काटकी अडकवलेली असायची. काळ्या दोऱ्याची गाठ सुटेना. दोनदा पीळ देऊन मारलेली गाठ, त्यावर आणखी एक गाठ. मी दातांनी दोरा तोडला आणि तिथेच टाकला, कापड पिशवीत घातलं आणि एसटी पकडली. गाडीत मी स्वतःला सांगत होतो की पहिल्या पगारात मामांच्या पोरासाठी याहून भारी पीस आणीन, मग आईला काही म्हणता येणार नाही. चोरी करणारा माणूस असंच काहीतरी सांगत असतो, हे मला आता कळतं. तेव्हा ते मला पटलं होतं.

शिंप्याने वर्तमानपत्र उलगडलं आणि तो काही वेळ नुसता कापडावरून हात फिरवत बसला. मग घडीवर अंगठे ठेवून ओढलं. काही झालं नाही. जोरात ओढलं. काही झालं नाही.

"हे कुणी दिलं रे?"

"घरातलं आहे."

"लई वर्षं घडीत हाय, तरी बघ. जातीचं कापड." त्याने लांबी मोजली. पँट होऊन वर वीतभर उरत होतं. "देणाऱ्यानं फिरवायला न्हाय दिलं हे. घालायला दिलंय. पुढच्या वाढीचा बी हिशेब धरलाय." मग त्याने कापडाचे चारही कोपरे एकेक करून बघितले, कागदही उलटून बघितला. कालच्या डब्यांपैकी प्रत्येकावर कुंकवाचा वाळलेला डाग होता. याच्यावर काहीच नव्हतं.

"कुंकू न्हाय ह्याला," तो म्हणाला. कागद खाली ठेवून त्याने विचारलं, "दुखवट्याचं हाय का?"

आधी मला काही कळलं नाही. मग एकदम कळलं.

घरातलं माणूस गेलं की तेराव्या दिवशी पाहुणे कापड आणतात. त्याला कुंकू लावत नाहीत. मामा आपल्या बहिणीला लुगडं आणि तिच्या मुलाला कापड आणतो, ते लगेच शिवून त्याच्या अंगावर घालतात, सगळ्यांच्या पंगतीत गोडाचं जेवण होतं आणि दुखवटा निघतो. दुसऱ्या दिवसापासून घर कामाला लागतं. हे सगळं मला माहीत होतं. लोकांच्या घरी बघितलं होतं. आमच्याच घरच्या तेराव्याचं मला फारसं आठवत नव्हतं. माझं डोकं भादरलेलं होतं, मुंडकं उन्हात चुणचुणत होतं, आणि मामांनी माझ्या खांद्यावर काहीतरी टाकलं होतं, त्याला नव्या कापडाचा वास होता, एवढंच. आणि आई कुणाला तरी म्हणत होती, "वाढत्या अंगाचं हाय पोरगं, आत्ता शिवलं तर सा म्हैन्यात आखूड हुतंय. मागनं शिवू." ते कापड पुढे कुठे गेलं, हे मी आठ वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आणि काल संध्याकाळी मी तिला काय बोललो होतो, ते शब्द न् शब्द आठवत होते.

म्हाताऱ्याने टेप गळ्यात अडकवला होता, खडू हातात होता. "आईला इचारलंस ना?"

"हो," मी म्हणालो.

"बघ बाबा. एकदा कात्री लावली की मग संपलं."

मी उठून जाऊ शकलो असतो. तसंच गुंडाळून घरी नेऊन पेटीच्या तळाला ठेवता आलं असतं. दोरा तुटला होता, पण दुसरा बांधता आला असता. मी ते सगळं एका क्षणात बघितलं. आणि त्याच्या पलीकडे मला सोमवार दिसला, ते गेट, ते साहेब, यादीतली मागची दोघं. भीती इतकी मोठी होती की लाज तिच्यापुढे टिकली नाही.

"कापा," मी म्हणालो.

त्याने कात्री चालवली. तो आवाज मला आजही आवडत नाही. आता माझ्याकडे सहा पँट आहेत, सगळ्या रेडिमेड. लोक म्हणतात शिवून घे, अंगावर छान बसतात. मी घेत नाही.

त्या दिवशी मी घरी गेलोच नाही. कॉलेजच्या एका मित्राच्या खोलीवर राहिलो आणि आईला शेजारच्या फोनवर निरोप दिला की काम आहे, उद्या येतो. रविवारी संध्याकाळी म्हाताऱ्याच्या घरी जाऊन कपडे घेतले. पँट त्याने मला घालून बघायला लावली. कमरेच्या आत दोन बोटं आणि पायाशी चार बोटं कापड दुमडून सोडलं होतं. "नोकरीला लागला, आता अंग भरंल. मग उसव," तो म्हणाला. दोन शर्टांची शिलाई घेतली आणि पँटीची घ्यायला काही तयार होईना. मी फार आग्रह केला नाही.

घरी पोचलो तेव्हा आई चुलीपुढे होती. पेटीच्या कडीत काटकी नीट लावलेली होती. मी तोडून टाकलेला दोरा जमिनीवर नव्हता. तिने विचारलं, "जेवतूस का?" मी म्हणालो, "हो." भाकरी आणि पिठलं होतं. मला तिच्या पाया पडायचं होतं, किंवा तिने मला मारावं असं वाटत होतं. दोन्हींतलं काही झालं नाही. कपड्यांची पिशवी मी दाराआड ठेवली होती. तिची नजर एकदाही तिकडे गेली नाही, यावरूनच मला कळलं की तिला सगळं माहीत आहे.

सोमवारी पहिल्या गाडीने जायचं होतं. मी आतल्या खोलीत कपडे घातले, बुटांत कापूस भरला, पट्टा शेवटच्या भोकात अडकवला आणि बाहेर आलो. आई अंगण झाडत होती. तिने वर बघितलं. शर्टाकडे नाही, बुटांकडे नाही. पँटीकडे बघितलं, आणि बघतच राहिली. मी म्हणालो, "आई, मला माहीत नव्हतं. कापायच्या आधी कळलं. कळल्यावर पण मी कापायला सांगितलं."

हे बोलताना मला रडू आलं. बावीस वर्षांचा घोडा, फॉर्मल कपड्यांत, अंगणात उभा राहून रडत होता.

"गाडी चुकंल," ती म्हणाली आणि पुन्हा झाडू लागली.

सव्वा तास मी एसटीत उभा होतो. जागा होती, पण बसलो नाही, घडी मोडेल म्हणून. पावणेदहाला गेटवर पोचलो. साहेब जिन्यातच उभे होते. माझ्या पुढच्या मुलाला त्यांनी थांबवलं, बुटांवरून काहीतरी बोलले. मग माझ्याकडे वळून वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांची नजर पँटवर जरा जास्त वेळ थांबली. "कुठून शिवली?" त्यांनी विचारलं. मी नवी पेठ म्हणालो. "छान कापड आहे. या आत." एवढंच. चार दिवस मी ज्या माणसाला घाबरत होतो, त्याला कापडातलं कळत होतं आणि त्याला ते आवडलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी खुर्चीवर बसलो, टेबलावरचे कागद पुढे ओढले आणि दिवसभर मांडीवरचं ते निळं कापड दिसू नये म्हणून टेबलाला चिकटून बसलो.

पहिला दिवस म्हणून आम्हाला चारलाच सोडलं. घरी आलो तर आई दारातच बसली होती. शेळ्या बांधलेल्या होत्या. ती त्या दिवशी खुरपायला गेलीच नव्हती.

"परत न्हाय पाठिवलं?"

"नाही."

"बसायला खुर्ची दिली?"

"दिली. फिरती."

तिने मान हलवली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "दादानं तुज्या खांद्यावर टाकलं तवा समदी म्हनली, घाला पोराला, दुखवटा काढा. मी सांगितलं, वाढतं अंग हाय. खोटं हुतं ते. मला काढायचाच न्हवता. निगाला की समदी उठून आपापल्या घरला जात्यात. मग काय ऱ्हातं?" तिने पदराची गाठ सोडली. आत तो काळा दोरा होता, तुटलेला, दोन तुकडे. तिने ते थोडा वेळ बोटात धरले आणि उठून चुलीत टाकले. "मामाला फोन लाव."

मी फोन लावला आणि आवाज मोठा केला. तिकडून मामांनी "कोन?" म्हणून विचारलं.

"दादा, मी हाय. पोरगं तू दिलेलं कापड घालून हापिसात जाऊन आलं." ती थांबली. "आज तेरावं झालं बग."

फोन कट झाला असं वाटून मी स्क्रीन बघितली. चालू होता. मग मामा घसा साफ करून म्हणाले, "मग गोडाचं कर की काय तरी."

"गूळ हाय घरात," आई म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

तिने फळीवरून गुळाची ढेप काढली, परातीत गव्हाचं पीठ घेतलं. आठ वर्षांत त्या घरात गोडाचा पदार्थ झाला नव्हता, आणि मी तो परवडत नाही म्हणून होत नाही असं समजत होतो. मी आतल्या खोलीत कपडे बदलायला निघालो. उद्या तीच पँट घालायची होती, परवाही तीच, पगार होईपर्यंत रोज तीच. तिच्यावर गुळाचा एक डाग पडला असता तरी माझे वांधे होते.

"ऱ्हाऊ दे," आई पीठ मळता मळता म्हणाली. "जेवूस्तवर असू दे अंगावर."

मी बूट काढले आणि तसाच, पँटीची घडी मोडून, तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसलो.